टॅबमधल्या बाई

अँडाइक, रविवार, १५ जानेवारी २०२३

प्रिय रिका,

टक्. टक्. टकटक-टक्.

आज सकाळी कॉफी गाळत उभा होतो आणि हा आवाज कानात आला. खरं तर थेंबांचाच असेल. पण मला ऐकू आले ते तुझ्या वर्गातले लाकडी मणी, तारेवरून सरकणारे, पाच लाल आणि पाच पांढरे. आपल्या दोन वर्गांमध्ये भिंत होती ती नावालाच. इकडे मी मुलांना कविता म्हणून दाखवत असायचो, आणि कवितेच्या नेमक्या हळव्या जागी पलीकडून तुझी पोरं एका दमात ओरडायची, “दहा!” माझी पोरं माना वळवून बघायची. माझ्याकडे नाही, भिंतीकडे.

संडासाच्या दारामागे वाढदिवसांचं कॅलेंडर आहे, त्यावर येत्या गुरुवारच्या तारखेपुढे माझ्या बायकोच्या, नेलच्या, अक्षरातलं तुझं नाव. नेल गेली तरी कॅलेंडर मी तेच ठेवलंय. माणसं जन्मतात त्याच तारखांना. तेव्हा वाढदिवसाच्या शुभेच्छा. डेव्हेंटरला थंडी बरी आहे ना? इथे पाटाच्या कडेला बर्फाची साय धरलीय, पण घसरायला जाण्याजोगी नाही.

आता खरं बोलतो. शुभेच्छा हे निमित्त आहे.

इल्सेची धाकटी फेना आता तिसऱ्या गटात आहे, अक्षरं-बेरजांचं पहिलं वर्ष. साडेसहा वर्षांची. जानेवारी ते मे इल्से आणि तिचा नवरा ट्यूलिपच्या शेडमधून मान वर काढत नाहीत, म्हणून बुधवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की पोरगी माझ्याकडे. नाताळाच्या सुट्टीआधी तिच्या बाईंनी इल्सेला बसवून सांगितलं: वाचन छान, पण दहा ओलांडून बेरीज करायची झाली की फेना अडते. उन्हाळ्यापर्यंत जमलं नाही तर तिला आणखी एक वर्ष तिसऱ्यातच ठेवावं लागेल. मैत्रिणी सगळ्या चौथ्यात जाणार आणि ही तिथेच. इल्से माझ्या स्वयंपाकघरात रडली. मी म्हटलं, अगं, तुझा बाप आयुष्यभर काय करत होता? दे तिला माझ्याकडे.

पहिला बुधवार बरा गेला. दुसऱ्या बुधवारी ती शाळेचा टॅब घेऊन आली. त्यात बेरजेचे खेळ आहेत. बेडूक उडी मारतो, दहा चेंडू जमले की पेटीत जातात, झाकण लागतं आणि पेटी घरंगळत दशकाच्या घरात जाते. मी चष्मा शोधत होतो, आणि मागून आवाज आला, “सात आहेत. अजून किती हवेत, म्हणजे दहा होतील?”

रिका, माझ्या हातून चष्म्याची डबी पडली. तो तुझा आवाज होता. माझ्या स्वयंपाकघरात. भिंतसुद्धा न ठेवता.

निदान सांगायचं तरी होतंस.

तुझा,
आरिस


डेव्हेंटर, मंगळवार, २४ जानेवारी २०२३

प्रिय आरिस,

शुभेच्छा पोचल्या, आणि त्यांच्या आत लपवलेलं गाऱ्हाणंही पोचलं. तू लहान मुलाहून लहान होऊन रुसतोस हे मी विसरले होते.

सांगायला हवं होतं, खरं आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या खेळांच्या कंपनीची एक मुलगी आली, शाळेत शिकवलेल्या बाईंचा खरा आवाज हवा म्हणाली. मला वाटलं, एक दुपार. त्यांनी मला गाद्या लावलेल्या खोलीत बसवलं आणि एकेक आकडा पन्नास तऱ्हांनी म्हणायला लावला. “बाई, सात असं म्हणा, की तो तुम्हाला आत्ताच सापडलाय.” मी म्हटलं, पोरी, सात मला कधीच सापडलाय, आता मला माझी कॉफी सापडू दे. त्या मुलीला हे इतकं आवडलं की तेही रेकॉर्ड केलं. ते खेळात घातलं नाही म्हणा.

तुला राग कशाचा आलाय ते मला कळतं. पण बेडूक आणि पेटी म्हणजे तुझी नि माझीच जुनी धडपड आहे, रंग लावलेली. सुटे दहा झाले की एक गठ्ठा, गठ्ठ्याचं घर वेगळं. मुलाला एवढं दिसलं की पुढची गाडी आपोआप चालते.

फेना नेमकी कुठे अडते? “येत नाही” एवढंच लिहू नकोस. ती काय उत्तर देते ते लिही.

रिका


अँडाइक, रविवार, ५ फेब्रुवारी २०२३

प्रिय रिका,

लहान मुलाहून लहान म्हणालीस. असेन.

बुधवारची हकीकत ऐक. मी टेबलावर चवळीचे दाणे मांडले होते आणि तिला माझा श्लोक शिकवला होता. आठवतो? आपल्या शाळेतल्या मुलांना पाटावर नेऊन मी म्हणवून घ्यायचो तो:

नऊ जण काठावर, एकाची वाट;
दहावा आला की नाव सोडी घाट.

तिला तो आवडला. उड्या मारत म्हणाली. मी मनात म्हटलं, बघ रिका, याला चार्जर लागत नाही. आणि तेवढ्यात नात म्हणाली, “ओपा, आता बाईंचं करूया?”

“कुठल्या बाई?”

“टॅबमधल्या.”

“का? मी शिकवतोय ते काय वाईट आहे?”

“वाईट नाही. पण माझं चुकलं की तू सुस्कारा टाकतोस. बाई नाही टाकत.”

“मी सुस्कारा टाकत नाही!”

“आत्ता टाकलास.”

मी म्हटलं, त्या तुझ्या बाईंना घसाच नाही, सुस्कारा टाकणार कुठून! तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी तिच्या मांजरीला लाथ मारली.

तिला मी सांगितलेलं नाही की मी तुला ओळखतो. सांगणारही नाही. माझी एक दुपार असते आठवड्यातली. ती मला माझ्या एकट्याची हवी आहे. तुझ्याकडे देशभरातली पोरं आहेत, एक माझ्याकडे राहू दे.

उत्तरं विचारलीस ना, घे. आणि तुझ्या यंत्राची थोरवी बघ. बारा नि तीन, पंधरा. चोवीस नि पाच, एकोणतीस. बरोबर. मग चौदा नि आठ? म्हणते वीस. सव्वीस नि सात? तीस. नऊ नि चार? दहा. दरवेळी तुझा तो मधाळ आवाज: “जवळ आलीस, पुन्हा बघ.” ती पुन्हा बघते, आणि पुन्हा तेच सांगते, अगदी ठामपणे. हे “जवळ आलीस” तिला बिघडवतंय. जवळ कुठली आली? बेरीज चुकली!

एक सुचवू का? रविवारी चर्चनंतर मी घरीच असतो. फोन कर. यंत्रातून नको, जिवंत बोल. आपण दोघं मिळून ठरवू काय करायचं ते. नंबर जुनाच आहे.

आरिस


डेव्हेंटर, सोमवार, १३ फेब्रुवारी २०२३

प्रिय आरिस,

फोनचं जमणार नाही. कृपा करून आग्रह धरू नकोस. पत्र बरं आहे, मला पत्र आवडतं.

तुझी उत्तरं मी कागदावर एकाखाली एक मांडली. वीस. तीस. दहा. अरे, ही पोरगी चुकत नाहीये! तिला दहा ओलांडता येतात, आपल्या इतर मुलांपेक्षा नीट येतात. चौदातले चार आणि आठातले सहा मिळून तिनं दहा केलेच की. गठ्ठा झाला, दशकाच्या घरात गेला. उरले दोन. ते दोन ती टाकून देते. विसरत नाही, टाकते. विसरली असती तर एखाद्या वेळी तरी आठवले असते.

आता मला सांग, का टाकते? मला इथून दिसत नाही, तुला दिसेल. तुझ्या घरी उरलेल्याचं काय करतात?

आणि रागावू नकोस, पण तुझा तो श्लोक मी पुन्हा म्हणून पाहिला. दहावा आला, नाव गेली. अकरावा आला तर? तो काठावर उभाच राहिला ना रे. त्याच्याबद्दल तुझी कविता एक अक्षर बोलत नाही.

रिका


अँडाइक, शनिवार, १८ फेब्रुवारी २०२३

रिका,

माझ्या घरी उरलेल्याचं काय करतात? त्याला खुर्चीत बसवतात, ब्लँकेट देतात आणि बुधवारी त्याच्याकडे पोर आणून सोडतात. झालं समाधान?

श्लोकावर चाळीस वर्षांनी अभिप्राय दिल्याबद्दल आभार. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होतीस, तेव्हा अकरावा आठवला नाही. आता नाव झालं, आता आठवतो.

आणि फोनचं म्हणशील तर समजलो. ज्या आवाजाला बाजारात मोल आलं, तो असा एका म्हाताऱ्यावर फुकट कशाला वाया घालवायचा?

आरिस


अँडाइक, रविवार, १२ मार्च २०२३

रिका,

तू गप्प आहेस. असू दे. तरी हे तुला कळलं पाहिजे, आणि माझ्याकडूनच कळलं पाहिजे.

बुधवारी इल्सेचे दोन पोलिश मजूर तापानं झोपले. ती म्हणाली, बाबा, आज तुम्हीच फेनाला घेऊन शेडमध्ये या, मला हात हवेत. गेलो. ट्यूलिपच्या शेडमध्ये मी कित्येक वर्षांत उभा राहिलो नव्हतो. तो ओला, हिरवा वास, त्या सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या बंद कळ्या. माझं मन लगेच कुठल्या कुठे निघालं, कळ्यांवर चार ओळी जुळायला लागल्या, आणि इल्सेनं कोपर मारलं. “बाबा, कविता नंतर. दहाची जुडी, रबर, पुढे.”

फेना माझ्याशेजारी उलट्या क्रेटवर उभी होती. तिचे हात बघायला हवे होतेस! दहा उचलले, देठ टेबलावर आपटून सारखे केले, रबर, पुढे. एका रंगाचा ढीग संपला. माझ्यापुढे तीन फुलं उरली. मी त्यात चौथं कुठून मिळतं का बघत होतो, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि पायाजवळच्या बादलीत टाकली.

“अगं, ती उरलीत की!”

“ओपा, उरलेली मोजायची नसतात. ती आजीच्या फुलदाणीत जायची, आता शेजारी जातात.”

“पण तीन होती.”

“तीन नव्हती, सुटी होती.” आणि मग, लहान मुलाला सांगावं तशी मला म्हणाली, “जुडी झाली ना, की काम झालं.”

मी तसाच उभा राहिलो. पट्टा पुढे गेला, इल्से ओरडली, मला ऐकू आलं नाही. रिका, ही पोरगी चालायला लागल्यापासून या शेडमध्ये आहे. तिच्या जगात दहाच्या आतलं काही विकलंच जात नाही. सुटं म्हणजे कचरा नाही, पण हिशेबही नाही. आणि वर मी तिला श्लोक शिकवला, नाव दहावा घेऊन निघून गेली!

संध्याकाळी ती बादली मी घरी आणली. तिच्यापुढे दोन जुड्या ठेवल्या आणि बाजूला सुटी दोन फुलं. म्हटलं, आजी असती तर तिला किती फुलं मिळाली असती? सगळी, सगळी. तिनं जुड्यांवर बोट ठेवलं. “जुड्यांचीपण? विकायची नाहीत?” नाहीत. सगळी आजीची. मग ती हळूच म्हणाली, “बावीस.” मी चौदा नि आठ पुन्हा विचारलं. बावीस. सव्वीस नि सात. तेहेतीस. आणि श्लोकाला मी आणखी दोन ओळी जोडल्या, तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी:

काठावर उरलेले हात वर करा;
मोजल्याशिवाय त्यांना जाऊ नका घरा.

हे मी शोधलं. तू प्रश्न विचारलास, मान्य. पण बादली मी पाहिली. हे त्या कंपनीला द्यायचं नाही. उद्या तुझ्या खेळात ट्यूलिपची शेड आणि बादली दिसली तर मी डेव्हेंटरला येऊन भांडेन.

आणि आता ऐक सगळ्यांत कडू भाग. तेहेतीस म्हणून झाल्यावर ती खुर्चीवरून उडी मारून धावली. मला वाटलं, माझ्या गळ्यात पडतेय. मी हातही पसरले. ती माझ्या हाताखालून गेली आणि टॅब उघडला. “बाईंना सांगते!” बेडूक उडाला, तू म्हणालीस, “शाब्बास! मला माहीत होतं.”

तुला काय माहीत होतं गं? काय माहीत होतं?

आरिस


डेव्हेंटर, शुक्रवार, २४ मार्च २०२३

प्रिय आरिस,

तेहेतीस. तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं आणि तेहेतीस आल्यावर खाली बसले. शाब्बास. तिला आणि तुला. बादली तू पाहिलीस, मी ती जन्मात पाहिली नसती. ती तुझी आहे. कंपनीला देणार नाही.

तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. आज लिहिते ते फाडणार नाही.

गेल्या सप्टेंबरात माझा घसा कापला. डॉक्टरांनी आतलं काय काढलं ते तुला सविस्तर सांगत नाही, तुला रक्ताचं नाव काढलं की घेरी येते. जगण्या-मरण्याचा प्रश्न मिटला, आता बरी आहे. पण आवाज गेला. पूर्ण. बसला नाही, चिरकला नाही, गेला. गळ्यापाशी एक यंत्र धरलं तर बोलता येतं, पण ते बोलणं ऐकून पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकतं, म्हणून मी पाटी वापरते. दुकानात पाटी, चर्चमध्ये पाटी. फोनवर पाटी दाखवता येत नाही.

तू लिहिलंस ना, त्या बाईंना घसाच नाही. ते वाचून मी हसले. म्हणजे खांदे हलले, आता हसणं तेवढंच असतं. मोल आलेल्या आवाजाबद्दल लिहिलंस ते वाचून मात्र हसले नाही.

पण आरिस, तुला एक गंमत सांगते, ती फक्त तुलाच कळेल. माझ्या या ओळीतल्या घरांच्या भिंतीसुद्धा आपल्या शाळेसारख्याच आहेत. पलीकडे एक मुलगा आहे, पहिल्या बेरजा शिकणारा. दुपारी मी चहा घेऊन बसते आणि भिंतीतून ती बाई बोलायला लागते. “सात आहेत. अजून किती हवेत?” किती मोकळी बोलते! कसलीही घाई नाही, कसलीही भीती नाही. तो मुलगा तिला हो म्हणतो, तिच्याशी भांडतो, एकदा तर तिला गुड नाइट म्हणाला. मला तो दाराबाहेर भेटला की आईच्या मागे लपतो. गळ्याला स्कार्फ बांधलेली, तोंड हलवणारी पण न बोलणारी म्हातारी. मी काय करते माहीत आहे? पाटीवर लिहून दाखवावंसं वाटतं की ती मी आहे. आणि दाखवत नाही. तो तिच्याकडून शिकतोय, माझ्याकडून नाही.

तेव्हा तू एकटा जळत नाहीस. त्या बाईवर मीही जळते, आणि तुझ्यापेक्षा जास्त. तुझ्याकडून तिनं एक बुधवारची दुपार घेतली. माझ्याकडून तिनं काय घेतलं ते तू मोज.

एक मागते. फेनाला माझ्याबद्दल सांगू नकोस, हे तू आधीच ठरवलं आहेस, ते तसंच ठेव. तिच्या बाई बोलतात, तशाच राहू देत.

रिका


डेव्हेंटर, बुधवार, १४ जून २०२३

प्रिय आरिस,

मार्च गेला, ट्यूलिप गेले, इस्टर गेलं, तुझी एक ओळ नाही. मी आधी म्हटलं, लाजला असेल. मग म्हटलं, घेरी आली असेल. आता म्हणते, आजारी आहेस का? तसं असेल तर इल्सेला चार शब्द लिहायला सांग.

आणि निदान हे तरी कळव की शाळेनं काय ठरवलं. या आठवड्यात सगळीकडे ठरतं, मला अजून सवयीनं ते आठवतं. रोज टपालाच्या वेळी मी दाराशी जाते, जाहिराती उचलते आणि परत येते. भिंतीपलीकडचा तो मुलगा आता शंभरापर्यंत गेलाय. तुझी पोरगी कुठे आहे ते मला माहीत नाही. फक्त हो किंवा नाही लिही. बाकी काही लिहू नकोस, सुस्कारासुद्धा टाकू नकोस. माझा तिच्यावर काही हक्क नाही हे मला ठाऊक आहे, तू ते मला चांगलं समजावलं आहेस, पण

बेल वाजली. शेजारीण असेल, तिला माहीत असतं की मला “आले” म्हणून ओरडता येत नाही, ती थांबते.

पुन्हा वाजली. शेजारीण दोनदा वाजवत नाही.

आरिस, मी पडद्याआडून पाहिलं. रस्त्यावर इल्सेची गाडी आहे, शेडचं नाव रंगवलेली. इल्से आतच बसलीय. शेजारची सीट रिकामी. मागची पण रिकामी. मी तुला शोधलं. वाकून वाकून शोधलं. तू नाहीस.

दारातली टपालाची फट कुणीतरी बाहेरून उचलून धरलीय. छोटी बोटं दिसतात. आणि फटीतून, अगदी मोठ्यानं, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं:

“बाई! मी फेना! ओपानं सांगितलं, तुमचा आवाज सगळा टॅबमध्ये गेला, म्हणून तुम्ही बोलत नाही! चालेल! मी बोलते! मी चौथ्यात गेले! ओपा घरीच आहे, म्हणाला आजचा बुधवार तुमचा! तुम्ही दार उघडा फक्त!”

पेन ठेवते. पाटी घेतली होती, तीही ठेवली. दार उघडते.